याच्यात फिरते काय

दारव्ह्याहून शेवटच्या एसटीनं पाकीट आलं,
कंडक्टरनं खाकी शर्टाच्या खिशात जपून आणलेलं.
आत बोटाएवढी हिरवी पट्टी.
बाबांनी ती तळहातावर तोलून पाहिली.
"एवढ्याचे अडीच हजार?"

बाबा मोटारी भरतात. चाळीस वर्षं.
जळकी कॉइल वासावरून सांगतात
कोणाच्या विहिरीवरची, कोणत्या फेजवर गेली.
ओसरीच्या एका कोपऱ्यात त्यांची तांब्याची तार, वार्निशचा डबा,
दुसऱ्या कोपऱ्यात माझं सेवा केंद्र:
टेबल, प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र,
आणि भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेली पांढरी चादर.
अख्ख्या गावानं तिच्यासमोर बसून फोटो काढले.

आठवडाभर लॅपटॉप अडकत होता.
सातबारा अर्धा उघडायचा आणि थांबायचा,
बोलता बोलता समोरच्याचं नाव विसरल्यासारखा.

कोरडी थंडी. आधी स्वेटर काढून ठेवला, चटचट ठिणग्या उडतात त्याच्या,
मग अनवाणी जाऊन हापशीचा दांडा धरला क्षणभर.
आई भांडी घासत होती.
"हापशीच्या पाया पडून राह्यली का?"

दहा स्क्रू.
जसे निघाले तसे चिवड्याच्या डब्याच्या झाकणावर मांडले.
खालचा पत्रा नखानं उचकटताना
कडकन असा आवाज झाला
की मी हात मागे घेऊन बोटंच मोजली.
पंख्यात कापूस,
खरा कापूस, जिनिंगला जाणाऱ्या ट्रॅक्टरांनी उडवलेला.

बॅटरीची पिन काढली. बाबांनी टॉर्च धरला,
पण उजेड सवयीनं वायंडिंग शोधत फिरायला लागला.
"याच्यात फिरते काय?"
"काहीच नाही."
"पंखा सोडून?"
"पंखा सोडून."
"मंग खराब काय होते?"

व्हिडिओत सांगितलं होतं, कप्पे झिजतात,
लिहून, पुसून, पुन्हा लिहून.
"पाटीसारखं," मी म्हटलं.
"पाटी नाही झिजत," ते म्हणाले. "पेन्सिल झिजते."
मला पुढे काही सुचलं नाही.

जुन्या पट्टीचा स्क्रू सुटला तशी
ती टुणकन वर आली, तिरकी, अजून बसायचं नसलेल्या पोरासारखी.
नवी तेवढीच तिरकी घातली, दाबली, आडवी केली,
आणि स्क्रू हातातून गेला.
सारवलेल्या जमिनीत मोहरीएवढं काही शोधून पाहा कधी.
बाबा उठले, फुटक्या भोंग्याचं चुंबक घेऊन आले,
जमिनीवरून हळूहळू फिरवत राहिले.
लोखंडाचा कीस, दोन स्टेपलच्या पिना,
आईची सहा महिन्यांपूर्वी हरवलेली सुई,
मग स्क्रू.

लाइन अकराला आली.
जुनी पट्टी डबीत घालून जोडली, नक्कल लावली.
भराभर गेली, आणि एकसष्ट टक्क्यांवर उभी राहिली.
पेन्शनवाल्यांचा फोल्डर.
दर नोव्हेंबरात जिवंत असल्याचा दाखला द्यायला
लुगड्याचा पदर सारखा करून, टोपी झटकून येतात ते सगळे.
उकंडराव मोहोड उघडले.
पार्बताबाई उघडल्या, डोळे मिटलेल्या,
तो फोटो पुसायचा राहून गेला होता.
शेषराव लांबट: राखाडी चौकोन, आत फुली.
"शेषराव उघडत नाहीत."
"सकाळी तं दूध देऊन गेला," बाबा म्हणाले.
पार्बताबाईंना जाऊन दोन वर्षं झाली.

बारा वाजता पत्रा बसवला, दहा भोकांत दहा स्क्रू.
झाकणावर एक उरला.
पुन्हा मोजले. उरलाच.
बाबांनी तो उचलून आपल्या बेअरिंगच्या डब्यात टाकला.
"माह्याही मोटारीत उरते एखांदा."

मग पडद्यावर रेघ सरकायला लागली तेव्हा
त्यांनी मोठा स्क्रू ड्रायव्हर घेतला,
पातं लॅपटॉपच्या पाठीवर टेकवलं, मूठ कानाशी,
बेअरिंग ऐकतात तसं.
आई झोपेतून उठून दारात उभी.
बराच वेळ ऐकलं त्यांनी.
"काही आवाज नाही."
"मंग?" आई म्हणाली.
"मंग चांगलं हाये."